तांब्याच्या भेटवस्तू घरच्या घरी: हातोडीचं काम आणि एका नगाचा खरा हिशेब

गेल्या व्हिडिओत तांब्याची मठारलेली दिवावाटी दाखवली आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "ताई, हे घरी जमेल का?" जमेल. फक्त दोन गोष्टी आधी समजून घ्या. तांबं कसं वागतं आणि त्या एका वाटीची किंमत कशी काढायची. पहिली गोष्ट मला आठवड्याभरात कळली. दुसरी कळायला ६० वाट्या ठोकाव्या लागल्या.

मठारकाम हा काही माझा शोध नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने पत्र्यावर शेजारी शेजारी, ओळीत ठोके द्यायचे. त्याने पत्रा कडक होतो आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडतो. गिऱ्हाईक त्या चमकेवर भाळतं, पण वस्तू टिकते ती कडकपणामुळे.

सुरुवातीला २२ गेजचा पत्रा घ्या, म्हणजे साधारण ०.७ मिमी जाडीचा. यापेक्षा पातळ पत्रा नवख्या हाताखाली फाटतो. सहा इंचांचा गोल कापून कडा कानशीने घासायच्या, नाहीतर बोट कापलंच म्हणून समजा. मग लाकडाच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर पत्रा ठेवून कडेकडून मधे ठोकत यायचं. ओंडक्याखाली जुनी रबरी चटई घाला. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारची झोप आणि परीक्षेचे दिवस सांभाळा. शेजाऱ्यांशी बिघडलं तर वर्कशॉप बंद पडतं, हे गमतीत घेऊ नका.

ठोकता ठोकता आवाज बदलतो, तिकडे कान द्या. मऊ तांब्याचा आवाज दबका असतो. थोड्या वेळाने तो टणटणीत होतो आणि हातोडी उसळायला लागते. पत्रा कडक झाल्याची ही खूण. तरीही हट्टाने ठोकत राहिलात तर कडेला चीर जाते आणि तो नग भंगारात. अशा वेळी थांबायचं, मंद उजेडात टॉर्चने लालसर दिसेपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं. लोखंडाचं उलट असतं, पण तांबं असं विझवलं तरी मऊच राहतं. मग परत ठोकायला घ्यायचं. एका वाटीला असे दोन-तीन ताव लागतात. आलेली काळी पुटं चिंच-मिठाच्या पाण्यात निघतात. आपल्या आज्या तांब्या-पितळेची भांडी अशीच घासायच्या. शेवटचा ताव झाल्यावर मठारायला घ्या, कारण मठारून कडक झालेली वाटी परत तापवली तर पुन्हा मऊ पडेल.

हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं. तिच्यावर एक चरा असेल तर तोच चरा दोनशे ठोक्यांत दोनशे वेळा उमटतो.

डोळ्यांना चष्मा, कानात बोळे आणि हवा खेळती असलेली जागा, यात तडजोड नाही. पितळ जास्त तापवलं तर त्यातल्या जस्ताचा धूर सुटतो, म्हणून नवख्यांनी तांब्यापासूनच सुरुवात करावी. आणि घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, व्यावसायिक घ्यायचा.

आता पैशांकडे येऊ. माझी पहिली मोठी ऑर्डर एका ऑफिसची होती, दिवाळीसाठी ६० वाट्या. मी वाटी वजनकाट्यावर ठेवली, ११६ ग्रॅम भरली, त्यावर हिशेब केला आणि ३०० रुपये नग सांगून मोकळी झाले. बीबीए केलेली मुलगी, आणि कतरण विसरले! गोल वाटी चौकोनी तुकड्यातून निघते. सहा इंच चौरस तुकडा साधारण १४८ ग्रॅमचा असतो आणि आपण पैसे त्या पूर्ण तुकड्याचे मोजतो. कतरण वेगळ्या डब्यात साठवा, भंगाराच्या भावाने विका, पण नगाच्या हिशेबात ती कमाई धरू नका.

सोपं जावं म्हणून तांबं १००० रुपये किलो धरू. भाव रोज हलतो, तुम्ही त्या दिवशीचा घ्या. तांबं १४८ रुपये. गॅस, पॉलिश पेपर, लॅकर मिळून २५. खोका ३५. वीसात एखादा नग वाया जातो, त्याचे २०. झाले २२८. म्हणजे ३०० मधले माझ्या हातात उरले ७२, आणि एका वाटीला लागली ७० मिनिटं. साठ वाट्यांना सत्तर तास! तासाला जेमतेम ६२ रुपये पडले, तेही नफा शून्य धरून.

आता मी तासाचे १५० धरते. मजुरी १७५ होते आणि नग ४०३ ला पडतो. पुढे दुकानदाराचा वाटा असतो. माझ्याच दुकानात मी दुसऱ्यांच्या हस्तकलेवर ३५ टक्के ठेवते, त्यामुळे ही बाजूही मला माहीत आहे. छापील किंमत ७५० ठेवली तर दुकानदार २६२ रुपये ५० पैसे घेतो, तुमच्याकडे ४८७ रुपये ५० पैसे येतात आणि खरा नफा ८५ च्या आसपास उरतो. थेट गिऱ्हाइकाला विकतानाही किंमत ७५०च ठेवा. तुम्ही घरून ५०० ला विकताय हे कळलं की कुठलाच दुकानदार माल ठेवणार नाही.

त्या साठातल्या अकरा वाट्या परत आल्या, ते वेगळंच. कारण काय, तर बोटांचे ठसे. पॉलिशनंतर मी उघड्या हाताने वाट्या उचलल्या आणि वरून लॅकर मारलं. महिन्याभरात लॅकरखाली काळी बोटं उमटली. लॅकर काढा, घासा, पुन्हा मारा, सगळं फुकटात. आता पॉलिश झालं की सुती हातमोजे घालते, वाटी स्पिरिटने पुसते आणि मगच लॅकर, तेही टॉर्चपासून लांब, दुसऱ्या खोलीत. खोक्यात एक चिठ्ठीही जाते: "ही शोभेची वस्तू आहे, यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत." कुणीतरी त्यात लोणचं ठेवतंच हो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. ऑनलाइन किंवा राज्याबाहेर विकायचं असेल तर जीएसटीचं आधी सीएला विचारा.

दिवाळीच्या ऑर्डरला मी हल्ली निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि त्याच दिवशी पत्रा उचलते, म्हणजे भाव वाढला तरी माझा नग ४०३ लाच पडतो.