नदीकाठची चूल (भाग ९) : पऱ्हाटीचा जाळ

भरताची कृती सांगणारे सगळे वांग्यापासून सुरुवात करतात. आपण जळणापासून करू. खानदेशातलं भरीत पुण्या-मुंबईच्या भरतापेक्षा वेगळं लागतं, त्याचं श्रेय वांग्याला मिळतं आणि ते रास्तही आहे. पण अर्धं श्रेय पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं आहे आणि ते तिला कोणी देत नाही.

सातपुडा आणि तापी यांच्यामधली यावल-रावेरची पट्टी, आणि नदीच्या अलीकडे जळगावजवळची असोदा-भादली ही गावं, सगळी खोल काळ्या जमिनीची. या रानात मोठी झाडं कमी. कपाशी मात्र पिढ्यान् पिढ्या पिकत आलेली. शेवटची वेचणी झाली की उभी झाडं उपटायची, वाळवायची आणि खळ्यात किंवा घरामागे रचून ठेवायची, म्हणजे वर्षाचं जळण झालं. तुरीच्या तुराट्याही त्यातच. या भागातली स्वयंपाकाची पद्धत या काटक्यांनी ठरवली आहे.

पऱ्हाटी लाकडासारखी दमानं जळत नाही. भडकन पेटते, उंच ज्वाळा देते आणि थोड्या वेळात तिची राख होते. भातासाठी हे जळण त्रासाचं, सारखं चुलीपाशी बसून काड्या सारत राहावं लागतं. भरताच्या वांग्याला मात्र नेमकं हेच हवं असतं. चारी बाजूंनी एकदम ज्वाळा लागली की साल करपते आणि आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो. निखाऱ्यावर सावकाश ठेवलं तर गर सुकतो. गॅसच्या शेगडीवर एक बाजू जळते तोवर दुसरी कच्ची राहते. शिवाय धुराचा वास. तो कुठल्याही मसाल्यानं आणता येत नाही.

वांगंही तसंच, या जाळाला पुरून उरणारं. हिरवट-पांढुरकं, लांबोडकं, एकेक पाव-अर्ध्या किलोचं, गर भरपूर आणि बिया कमी. बामणोद आणि असोदा ही त्याची नावाजलेली गावं. (असोदा बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे वेगळं सांगायला नको.) जळगावच्या या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी.

भाजलेली वांगी गरम असतानाच सोलतात. पाण्याखाली धरायची नाहीत, चव वाहून जाते. मग ती लाकडी बडगीत पडतात आणि मुसळानं ठेचली जातात. हिरव्या मिरच्या आणि लसूणही ठेचूनच. त्यावर तेल, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही, गरम मसाला नाही. टोमॅटो घातलेल्या पदार्थाला तापीकाठी कोणी भरीत म्हणेल, असं मला वाटत नाही.

सोबतीला कळण्याची भाकरी, बोलीत 'कयन्याची भाकर'. साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, तोही सालासकट, आणि दळतानाच त्यात मीठ. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी पातळ थापता येते आणि लवकर वातड होत नाही. शेतात बांधून न्यायला म्हणूनच ती सोयीची. पाहुणे आले की याच पिठाच्या पुऱ्या होतात.

हंगाम मार्गशीर्षात रंगात येतो. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला, म्हणजे वांगेसटीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पुढे थंडीभर शेताशेतांत भरीत-पार्ट्या होतात. त्या वेळी यंदाची कपाशी रानात उभीच असते. जाळायला लागते ती गेल्या हंगामातली, पुरती वाळलेली पऱ्हाटी. गोम इथेच आहे.

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीचं मोठं नुकसान केलं. ही अळी रचलेल्या पऱ्हाट्यांतल्या अर्धवट उमललेल्या बोंडांतही दडून राहते आणि पुढच्या पिकावर उतरते. म्हणून आता सल्ला असा की, पऱ्हाट्या वेळेत काढा, बांधावर किंवा गावाजवळ रचून ठेवू नका, यंत्रानं बारीक करून जमिनीत मिसळा. शेतीच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे. ज्याच्या कपाशीवर अळी पडली, त्याला भरताच्या चवीसाठी गंजी राखून ठेव म्हणून सांगण्याचा धीर मला होणार नाही.

दुसरीकडे यावल-रावेरात केळीनं कपाशीची बरीच जागा घेतली. ठिबक आलं, विहिरी खोल गेल्या, हातात पैसा आला. पण केळीचा खांब म्हणजे पाणीच, तो काही पेटत नाही. घरात गॅस आल्यानं बायकांचे डोळे धुरातून सुटले, याबद्दल तक्रार करणारा माणूस बहुधा स्वतः कधी चुलीपुढे बसलेला नसतो. तरी परिणाम व्हायचा तो झालाच: भरीत रोजच्या चुलीवरून उतरलं आणि पार्टीचं, विकतचं झालं. जळगावात थंडीत भरीत भाजून देणारी केंद्रं जोरात चालतात, तिथून डबे पुण्या-मुंबईला जातात. वांगी भाजण्याचं काम तिथं मोठ्या जाळावर, एकावेळी ढिगानं होतं. चवीत फारसं उणं नाही. फक्त घरची बडगी कोपऱ्यात पडून राहते.

शहरात हे करून पाहायचं असेल, तर निखाऱ्याचा नाद सोडा. गच्चीवर किंवा अंगणात कुठल्याही बारीक, वाळक्या काटक्यांचा भडका करा, वांग्याला आधी टोचे मारून तेलाचा हात लावा आणि फिरवत राहा. मिक्सर मात्र नको, गराची लापशी होते.

पुढच्या आठवड्यात: खापर, मांडे आणि आखाजी.