अरण्याच्या अदलाबदलीस जनतेचा कौल

सरकारी अरण्याचा एखादा तुकडा कोणास द्यावा किंवा देऊं नये, हा प्रश्न आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतच सुटतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क संस्थानांत मात्र त्यासाठीं सबंध संस्थानच्या मतदारांना मतपत्रिका हातीं घ्यावी लागते.

ही रीत पडली ती लांकूडतोडीच्या धुमाकुळामुळें. ॲडिराँडॅक डोंगरांतील झाडी झपाट्यानें नाहींशी होऊं लागली, तेव्हां हडसन नदीचें आणि ईरी कालव्याचें पाणी आटेल अशी धास्ती व्यापारी लोकांस पडली. १८८५ सालीं कायद्यानें अरण्य राखून ठेवण्यांत आलें. पण जें विधिमंडळ कायदा करतें तेंच तो सैलही करूं शकतें, आणि झालेंही तसेंच. म्हणून १८९४ सालीं खुद्द घटनेंतच कलम घातलें गेलें: हें अरण्य सदैव रानच राहील, तें विकतां, भाड्यानें देतां किंवा बदलून देतां येणार नाहीं. यांत फेर करावयाचा तर लागोपाठ निवडून आलेल्या दोन विधिमंडळांची संमति हवी, आणि शेवटीं जनतेचा कौल.

यांतून मौजेचे प्रसंगही ओढवतात. सॅरानॅक लेक या गांवास कचरा टाकावयास दहा एकर जागा हवी होती व मोबदल्यांत गांव तीस एकर देत होतें. या उकिरड्यासाठीं १९६३ सालीं दूरच्या न्यूयॉर्क शहरांतील मतदारांचाही कौल घ्यावा लागला!

२०१३ सालचा प्रश्न इतका सोपा नव्हता. लुईस गांवच्या हद्दींतील ‘लॉट ८’ ही सुमारें २०० एकर अरण्यभूमि निको मिनरल्स या कंपनीनें मागितली. शेजारींच तिची वोलॅस्टोनाइटची खाण होती. चिनी मातीच्या वस्तू, प्लास्टिक, रंग यांत हें खनिज वापरतात. मोबदल्यांत कंपनीनें निदान तितकेच एकर आणि निदान दहा लक्ष डॉलर किंमतीची जमीन द्यावयाची, शिवाय खाणकाम संपल्यावर जागा दुरुस्त करून लॉट ८ सुद्धां परत करावयाचा. हिशेबानें पाहतां सरकारचा फायदाच. तरीही अरण्याच्या कैवाऱ्यांत तट पडले. ॲडिराँडॅक कौन्सिल अनुकूल, तर प्रोटेक्ट द ॲडिराँडॅक्स ही संस्था प्रतिकूल. विरोधकांचा मुद्दा एकरांचा नव्हताच. एका खाजगी कंपनीच्या नफ्यासाठीं दार उघडलें, तर उद्यां दुसरीस कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावयाचें? मला हा आक्षेप वजनदार वाटतो. खणलेली भूमि परत मिळाली तरी तिच्यावरचें जुनें रान परत मिळत नाहीं. अर्थात् खाणीवर ज्यांची चूल पेटते त्यांची काळजीही खोटी नव्हती.

५ नोव्हेंबर २०१३ रोजीं शेंकडा सुमारें ५३ मतें अनुकूल पडली. पण कौल मिळाला म्हणजे जमीन मिळाली असें नाहीं. कंपनीनें आधीं स्वखर्चानें भोंकें पाडून खनिजाची परीक्षा करावी, ती माहिती किंमत ठरविण्यासाठीं सरकारास द्यावी, आणि मोबदल्याच्या जमिनी विधिमंडळानें पसंत कराव्या, असें दुरुस्तींतच लिहिलें आहे. इतकें करून लॉट ८ कंपनीकडे गेलाच नाहीं, तरी परीक्षेसाठीं जितकी भूमि उकरली असेल तितकी तरी कंपनीनें अरण्यास द्यावयाची आहे.