अंगणातली बेरकी झुडपं

बारमाही हिरवी, फुलांनी लगडलेली झुडपं म्हणजे बागेतली घरचीच माणसं. रोज दिसतात, म्हणून कोणी चौकशी करत नाही. पण जरा उकरून बघा, एकेकाचे कारनामे निघतात.

जास्वंदच घ्या. आपल्या गणपतीचं हे लाडकं फूल 1960 पासून मलेशियाचं राष्ट्रीय फूल आहे. तिकडे त्याला ‘बुंगा राया’ म्हणतात. आयुष्य जेमतेम एका दिवसाचं, पण तेवढा दिवस खुडून नुसतं ताटात ठेवलं तरी पाण्यावाचून टवटवीत. लाल पाकळी पांढऱ्या कागदावर खसाखसा चोळा. डागाच्या एका कडेला लिंबाचा थेंब टाका, दुसरीला धुण्याच्या सोड्याचं पाणी. इकडे गुलाबी, तिकडे चक्क हिरवट! लिटमसची सोय कुंडीतच.

या झाडाला बी सहसा धरत नाही, फांदी खोचूनच ते वाढतं. म्हणजे शेजारच्या काकूंनी माहेरून फांदी आणली, तुम्ही काकूंकडून, तर तिन्ही घरी मुळात एकच झाड आहे.

खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली की मात्र सावध व्हा. वर शेंड्याशी कापसाचे बोळे चिकटल्यासारखे पिठ्या ढेकूण बसलेले असतात. ते रस शोषून गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. गुराखीच म्हणा ना! पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं पाणी, आणि मुंग्यांची वाट बंद. युरियाचा मारा करू नका. लुसलुशीत शेंडे म्हणजे ढेकणांना मेजवानी.

कण्हेर कसलंही दुर्लक्ष सोसते, म्हणून तर ती महामार्गाच्या दुभाजकात दिसते. पण आहे पक्की लबाड. फुलात मध नाहीच. नुसत्या रंगावासावर कीटकांना बोलावते आणि उपाशी परत पाठवते. अंगभर विष. छाटलेल्या फांद्या शेकोटीत टाकू नका, धूरही घातक. हिरोशिमाचं मात्र हे मानाचं फूल, कारण 1945च्या अणुबॉम्बनंतर होरपळलेल्या जमिनीत ते लवकर फुललं. कधी पान उलटून बघा. चांदीच्या झुमक्यासारखा चकाकता कोष लटकलेला दिसला, तर समजा, एका फुलपाखराची अळी त्या विषावर पोसली गेली आहे.

अनंताला इंग्रजीत गार्डेनिया म्हणतात, पण त्याचा बागेशी संबंध नाही. ते नाव डॉ. अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून पडलं. हे झाड भलतंच मानी. बोअरचं क्षाराचं पाणी घाला, पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या उरतात. मी एकदा कळ्यांनी भरलेली कुंडी कौतुकाने दिवाणखान्यात आणली. आठवड्यात फरशीवर कळ्यांचा सडा!

रातराणी? वांगी-मिरचीची भाऊबंद. माहेर वेस्ट इंडीजकडचं.

बोगनवेलीला आपण वेल म्हणतो, पण ते काटेरी, पसरट झुडूप. रंगीत दिसतात ती पानं. फूल म्हणजे मधली पिटुकली पांढरट नळी. रोज पाणी घालाल तर नुसता पाला मिळेल. पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबा, मग बघा. अठराव्या शतकात बुगनव्हिल या फ्रेंच कप्तानाच्या मोहिमेतल्या वनस्पतितज्ज्ञाने ती ब्राझीलमध्ये टिपली. त्याचा मदतनीस म्हणजे पुरुषवेशातली जान बारे, पुढे जगप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री. झाडाला नाव मात्र मिळालं कप्तानाचं.