गाडी मावशीची, पार्किंग भाच्याचं, बिल कोणाचं?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत ड्रॉवरमध्ये असं एखादं पत्र पडलेलं असतं. उघडून वाचलेलं, पुन्हा घडी घातलेलं, आणि "बघू नंतर" म्हणून ठेवून दिलेलं.

मेपलमधल्या एका श्रोत्या बाईंचा प्रश्न आला होता. त्यांचा भाचा इथे शिकायला आलाय. मावशीची गाडी घेऊन तो एका रविवारी हायवे सेव्हनवरच्या प्लाझात गेला, गाडी तिथेच लावली आणि व्हीएमसीहून सबवे पकडून डाउनटाउनला. संध्याकाळी परत आला तेव्हा काचेवर काही नव्हतं, किंवा असलंच तर वाऱ्याने उडून गेलं असेल. तीन आठवड्यांनी पत्र आलं, आणि आलं ते मावशीच्या नावाने. पार्किंगचा भंग केला, एवढे डॉलर भरा, नाही भरलेत तर वसुलीसाठी पाठवू. बाईंच्या घराचं मॉर्गेज दोन महिन्यांत रिन्यू व्हायचंय आणि भाच्याला पुढे पीआरचा अर्ज करायचाय. त्यांनी विचारलेले प्रश्न तीन : क्रेडिट खराब होईल का, नंबरप्लेट अडकेल का, आणि मुलाच्या फाइलवर काही येईल का?

मी वकील नाही, पॅरालीगलही नाही. आयटीत काम करतो, कागद नीट वाचायची सवय आहे, एवढंच. पण या विषयात निम्मं काम वाचण्याचंच आहे.

सगळ्यांत आधी बघायचं ते हे, की पत्र पाठवलंय कोणी. दिसायला सगळी पत्रं सारखीच असतात : गाडीचा नंबर, तारीख, वेळ, फोटो, ठळक अक्षरांत रक्कम. पण महापालिकेची पेनल्टी नोटीस आणि खासगी कंपनीची मागणी या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. महापालिकेच्या नोटिशीवर सिटी ऑफ वॉनचं नाव असतं, कोणता बायलॉ मोडला ते लिहिलेलं असतं आणि पैसे महापालिकेला जातात. खासगी कागदावर कंपनीचा लोगो, कंपनीची वेबसाइट, आणि पैसे कंपनीच्या खात्यात. त्यावर 'व्हायोलेशन नोटीस' असं कितीही भारदस्त नाव असलं, तरी तो दंड नव्हे. ते बिल आहे.

गोंधळ इथे होतो, की जागा खासगी आहे म्हणजे तिकीटही खासगीच, असं आपण धरून चालतो. तसं नाही. ओंटारिओत महापालिकेला खासगी जागेतल्या पार्किंगबद्दलही बायलॉ करता येतो. प्लाझातल्या फायर रूटवर गाडी लावली किंवा परमिट नसताना अपंगांसाठीच्या राखीव जागेत लावली, तर येते ती महापालिकेचीच नोटीस. राखीव जागेसाठी तर ती निदान तीनशे डॉलरची. अनेक ठिकाणी खासगी सुरक्षारक्षकांनाच प्रशिक्षण देऊन महापालिकेची तिकिटं द्यायचा अधिकार दिलेला असतो. तेव्हा तिकीट देणाऱ्याच्या गणवेशाकडे बघू नका, कागदावरच्या नावाकडे बघा. शेजारच्या टोरांटोने तर आपल्या म्युनिसिपल कोडच्या प्रकरण ९१५ मध्ये खासगी कंपन्यांना स्वतःची तिकिटं द्यायला मनाईच केली आहे. तिथे खासगी जागेतही शहराचंच तिकीट लागतं. म्हणून टोरांटोत राहणाऱ्या मित्राचा सल्ला स्टील्स ॲव्हेन्यू ओलांडून जसाच्या तसा वापरू नका.

आता नोटीस महापालिकेची असेल तर "गाडी मी चालवत नव्हते" या वाक्याचा उपयोग नाही. ओंटारिओच्या म्युनिसिपल ॲक्टचं कलम ४२८ महापालिकेला असा बायलॉ करू देतं, की गाडी कोणीही लावलेली असो, जबाबदार मालक. सुटका एकच : गाडी मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या ताब्यात होती. म्हणजे चोरीला गेली होती वगैरे. भाच्याला किल्ली आपणच दिली, ती संमतीच झाली. वॉनमध्ये २००९ पासून पार्किंगची प्रकरणं कोर्टात न जाता महापालिकेच्याच पेनल्टी पद्धतीत चालतात. आधी स्क्रीनिंग ऑफिसर, त्याचा निर्णय पटला नाही तर हिअरिंग ऑफिसर, आणि त्याचा निर्णय शेवटचा. स्क्रीनिंग ऑफिसर दंड रद्द करू शकतो, कमी करू शकतो, मुदत वाढवू शकतो. पैशांची खरोखर अडचण असेल तर तेही ऐकतो. नोटिशीवर छापलेली मुदत मात्र पाळा, आणि वेळ घेतलीत तर जा. या नोटिशीकडे काणाडोळा केला तर ती नंबरप्लेटला चिकटते. मार्च २०२२ मध्ये प्लेटच्या रिन्यूअलची फी गेली आणि जुलै २०२४ पासून रिन्यूअल आपोआप होऊ लागलं, त्यामुळे लोकांना वाटतं आता काही बघायचंच नाही. पण जुने दंड बाकी असले की ते आपोआप होणं थांबतं, आणि हे कळतं ते पोलिसाने रस्त्यात अडवल्यावर.

बाईंचं पत्र मात्र खासगी कंपनीचं निघालं. इथून गणित बदलतं.

खासगी कंपनीच्या मागणीचा पाया करार हा आहे. जागेवर फलक आहे, त्यावर अटी आहेत, त्या वाचून तुम्ही गाडी लावलीत, म्हणजे अटी मान्य केल्यात, असा त्यांचा युक्तिवाद. ठीक आहे. पण मग करार कोणाशी झाला? फलक ज्याने पाहिला आणि गाडी ज्याने लावली, त्याच्याशी. मावशी त्या वेळी घरी होत्या. त्यांनी कुठलाही फलक पाहिला नाही. मंत्रालयाच्या नोंदीत नंबरप्लेट कोणाच्या नावावर आहे हे कंपनीला कळतं, कारण अशा कंपन्या परिवहन मंत्रालयाशी करार करून नाव-पत्ता मिळवू शकतात. पण प्लेट कोणाची हे कळलं म्हणून गाडी कोणी लावली हे सिद्ध होत नाही. आणि सिद्ध करायचं काम मागणाऱ्याचं.

इंग्लंडमध्ये ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी इथे कान द्यावा, कारण तिकडे हे उलट आहे. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टाने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी कंपनीला चालक माहीत नसेल तर नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागायची मुभा दिली. मात्र वेळापत्रक कडक आहे. काचेवर काहीच लावलं नसेल तर मालकाला नोटीस चौदा दिवसांत पोचली पाहिजे; काचेवर लावलं असेल तर अठ्ठाविसाव्या दिवसानंतर आणि छप्पन्नाव्या दिवसाच्या आत. हे हुकलं की मालकावरची जबाबदारी सुटते. तिथे २०१५ साली सुप्रीम कोर्टाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरवली, तेव्हा "खासगी तिकीट फाडून फेका" हा हॅरोमधल्या काकांचा सल्ला तिकडेही आता चालत नाही. ओंटारिओत खासगी करारासाठी मालकाला असं बांधणारा कायदा नाही. ट्रेसपास टू प्रॉपर्टी ॲक्टमध्ये मालकाची जबाबदारी आहे, पण तो रस्ता वेगळा : तिथे गुन्ह्याचा आरोप कोर्टात सिद्ध व्हावा लागतो आणि दंड कोर्ट ठरवतं, कंपनी नाही. आणि आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ मालकाला चालकाची माहिती द्यायला लावतं, पण ती पोलिसांनी मागितल्यावर. पार्किंगवाल्याने मागितल्यावर नव्हे.

मग पत्राचं काय करायचं? माझं मत, उत्तर द्यावं. एकदाच, लेखी, थोडक्यात. फोन करू नका. फोनवर आपण मराठी माणसं नको तितकं बोलतो, आणि "हो, माझ्या भाच्याने लावली होती, सॉरी" हे वाक्य रेकॉर्ड होतं. पत्रात एवढंच : संदर्भ क्रमांक, तारीख, मी या गाडीची नोंदणीकृत मालक आहे, त्या वेळी गाडी मी चालवत नव्हते, तुमच्याशी माझा कुठलाही करार झालेला नाही, ही मागणी मला मान्य नाही. त्यापुढे मागायचं : त्या दिवशी फलक कुठे होता आणि त्यावर काय लिहिलं होतं याचे फोटो, गाडी आली-गेली त्या वेळांचा पुरावा, आणि जागेच्या मालकाच्या वतीने पैसे मागायचा अधिकार कंपनीला आहे हे दाखवणारा कागद. शिवाय पिपेडा या केंद्रीय कायद्याखाली माझ्याबद्दलची कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कुठून मिळवली ते कळवा. याला तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. हा शेवटचा मुद्दा माझा आवडता, कारण एरवी घड्याळ नेहमी आपल्यावरच चालू असतं.

चालकाचं नाव सांगायची सक्ती या खासगी मागणीत नाही. पण खोटं लिहू नका. गाडी तुम्हीच लावली असेल तर "मी नव्हतो" हे वाक्य तुमच्यासाठी नाही. प्रकरण स्मॉल क्लेम्समध्ये गेलं तर शपथेवर विचारतील. चालकाला दुसरे मुद्दे असतात आणि ते कमी नाहीत. फलक बर्फाने झाकला होता का? यंत्र बंद होतं का? पैसे भरताना शून्याच्या जागी ओ टाइप झाला का? ॲपमध्ये शेजारच्या लॉटचा नंबर पडला का? पावती असेल तर निम्मं भांडण तिथेच संपतं. अटी कळवण्याबद्दल कोर्टांची भूमिकाही ऐकण्यासारखी आहे. १९७१ च्या थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग या इंग्लिश खटल्यात ठरलं, की यंत्रातून तिकीट बाहेर आल्यानंतर दाखवलेली अट ग्राहकाला बांधत नाही. आणि १९७८ मध्ये आपल्या ओंटारिओच्याच अपील कोर्टाने टिल्डेन रेंट-अ-कार विरुद्ध क्लेंडेनिंग यात म्हटलं, की जाचक अट नुसती बारीक अक्षरांत छापून भागत नाही, ती लक्षात आणून द्यावी लागते.

आता भीतीचा भाग, म्हणजे 'कलेक्शन'. वसुली एजन्सीने आधी लेखी कळवायला हवं आणि मग सहा दिवस थांबायला हवं. एकदा बोलणं झाल्यावर सात दिवसांत तीनदापेक्षा जास्त संपर्क करता येत नाही. सकाळी सातच्या आधी, रात्री नऊनंतर, सुट्टीच्या दिवशी नाही. रविवारी फक्त दुपारी एक ते पाच. आणि फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट : रजिस्टर्ड पोस्टाने कळवलंत की हे देणं मला मान्य नाही आणि हवं तर कोर्टात जा, तर त्यांना तुमच्याशी संपर्क थांबवावा लागतो. कॅनडा पोस्टची ती पावती जपून ठेवा.

क्रेडिटचं मात्र खरं सांगतो, इथे धोका आहे. खासगी बिल वसुलीत गेलं की ते इक्विफॅक्स किंवा ट्रान्सयुनियनकडे नोंदवलं जाऊ शकतं, आणि अशी नोंद सहा वर्षं राहू शकते. नव्याने आलेल्यांचं क्रेडिट तसंही पातळ, त्यात हे दिसतं. नोंद झाली तर ब्युरोकडे लेखी हरकत घ्या. लेखी उत्तराची प्रत इथे कामी येते. ज्यांनी पत्र केराच्या टोपलीत टाकलं त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं. मॉर्गेज तोंडावर असेल तर अधूनमधून स्वतःचा रिपोर्ट काढून बघा. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

कंपनी खरंच कोर्टात गेली तर स्मॉल क्लेम्सचे कागद हातात पडल्यापासून वीस दिवसांत बचाव दाखल करायचा. तो केला नाही तर निकाल एकतर्फी लागतो, मग आपलं म्हणणं कितीही बरोबर असो. दावा करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते. पण मधेच "पुढच्या महिन्यात देते" असं सही करून लिहिलंत किंवा दहा डॉलर भरलेत, की ती दोन वर्षं नव्याने सुरू होतात. आपली माणसं कटकट नको म्हणून थोडे पैसे भरतात. इथे तेच अंगाशी येतं. सल्ला हवा असेल तर लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओची रेफरल सेवा वकिलाशी किंवा पॅरालीगलशी तीस मिनिटांपर्यंत मोफत बोलणं करून देते.

एक राहिलं. गाडी विकली असेल तर ओंटारिओत प्लेट गाडीबरोबर जात नाही, आपल्याकडेच राहते. ती काढून घ्या आणि सहा दिवसांत सर्व्हिसओंटारिओला विक्री कळवा. नाहीतर दुसऱ्याच्या पार्किंगची पत्रं तुमच्या दारात. आणि "पार्किंगचे पैसे बाकी, लिंक दाबा" असा टेक्स्ट आला तर ती बहुधा फसवणूकच.

आता बाईंचे तीन प्रश्न. प्लेट : खासगी कंपनीच्या मागणीने अडकत नाही. मुलाची फाइल : हे दिवाणी देणं आहे, गुन्हा नाही, पोलिसांत नोंद होत नाही, पीआरच्या अर्जात त्याने यासाठी काही लिहायचं नाही. क्रेडिट : शक्यता आहे, म्हणून पत्र आजच पाठवा.

त्यांनी पत्र पाठवलं. सोबत भाच्यालाही बसवून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मावशी, तिथे फक्त ग्राहकांसाठी असा बोर्ड होता, मी वाचला होता. मग काय करायचं, असं बाईंनी मला पुन्हा फोन करून विचारलं. मी म्हटलं, तुमची बाजू तुम्ही लिहिलीत ती खरीच आहे. भाचा मोठा आहे. त्याला वाटलं तर त्याने स्वतःच्या नावाने कंपनीला लिहावं, फलकावर लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त वसुली शुल्क लावलंय का ते बघावं, आणि योग्य ती रक्कम "हे प्रकरण पूर्ण मिटलं" असं लेखी घेऊनच भरावी. पैसे भरण्याआधी लेखी, नंतर नाही.