शिक्षेऐवजी उपचार : व्यसनमुक्तीची कायदेशीर वाट

घरातील तरुण मुलगा गर्दच्या आहारी गेला आहे हे ध्यानात येते, तेव्हा आईवडिलांना पहिली भीती वाटते ती पोलिसांची आणि लोकापवादाची. उपचारासाठी गेल्यास खटला होईल, या समजुतीने आजार झाकून ठेवला जातो आणि मोलाचे दिवस निघून जातात. म्हणूनच यासंबंधीची कायद्याची भूमिका सर्वांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायद्यातील तरतूद

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये अमली पदार्थांचे सेवन हा गुन्हा आहे. हेरॉइनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थ बाळगण्याचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने शासकीय अथवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास, कलम ६४-अ अन्वये तिला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. हेरॉइनच्या बाबतीत ही अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅम आहे. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरलेल्या व्यसनाधीनासही, त्याचे वय, पूर्ववर्तन व प्रकृती विचारात घेऊन, त्याच्या संमतीने, कारावासाऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी मुक्त करण्याचा अधिकार कलम ३९ ने न्यायालयास दिला आहे. अमली पदार्थांचा मोठा व्यापार करणाऱ्यांना या सवलती लागू नाहीत.

उपचार आणि समाज

गर्द बंद केल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, निद्रानाश ही लक्षणे साधारणतः आठवडाभरात ओसरू लागतात. ओढ मात्र कित्येक महिने टिकते. तुरुंगातून सुटलेला तरुण उपचाराविना त्याच नाक्यावर, त्याच सोबत्यांत परततो. शिवाय मधल्या खंडामुळे शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते.

म्हणूनच उपचारात घर आणि शेजार यांचा सहभाग आवश्यक ठरतो. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने हे तत्त्व आचरणात आणले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबासही विश्वासात घेतले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. बरे झालेले रुग्ण नवागतांना धीर देतात.

आपले कर्तव्य

व्यसन पुन्हा जडणे हा या आजाराचाच एक भाग आहे. त्यामुळे एकदा पाय घसरला म्हणून रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये. केंद्र निवडताना ते शासनमान्य असल्याची खात्री करून घ्यावी. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. उपचार पूर्ण करून परतलेल्या तरुणास काम देणारा कारखानदार आणि त्याला पूर्वीच्याच नावाने हाक मारणारा शेजारी यांचा वाटा औषधाइतकाच मोलाचा आहे. कायद्याने दार उघडून दिले आहे. त्या दारापर्यंत रुग्णाचा हात धरून नेण्याचे काम आपले आहे.