ब्रुजमधील पहिली सायंकाळ

बेल्जियममधील ब्रुज हे नगर ब्रुसेल्सहून रेल्वेने सुमारे एका तासाच्या अंतरावर आहे. जूनच्या अखेरीस तेथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो. त्यामुळे पाच वाजता उतरलेल्या प्रवाशासही भरपूर उजेड लाभतो. सौ.च्या गुडघ्यांचा विचार करून मी टॅक्सी सुचविली. "अहो, काचेतूनच पाहायचे तर घरचा टीव्ही काय वाईट होता?" असे म्हणून तिने ती नाकारली. माझ्या नोकरीतील अकरा बदल्यांत सामान बांधणे आणि सोडणे हाच तिचा प्रवास झाला. तेव्हा ही सायंकाळ तिच्या मर्जीने व्हावी, हे उचितच होते.

स्थानकाकडून गावात जाताना मिनेवॉटर हे तळे आणि त्याच्या काठी १२४५ मध्ये स्थापन झालेले बेगाइनहोफ लागते. उंच झाडांभोवती पांढरी घरे, मध्ये हिरवळ आणि विलक्षण शांतता. येथे पूर्वी 'बेगीन' स्त्रिया राहत. जीवन धर्मपरायण, परंतु आजन्म दीक्षा नव्हे. स्वतःची मिळकत बाळगावी, कष्ट करून चरितार्थ चालवावा आणि इच्छा झाल्यास संसारात परतावे, अशी त्यांना मुभा होती. मध्ययुगातील एकट्या स्त्रीला हा केवढा आधार! सौ. तेथे बराच वेळ रेंगाळली. सायंकाळी फाटक बंद होते, म्हणून हे स्थळ प्रथम पाहावे.

पुढे अवर लेडी चर्चचा ११५ मीटर उंचीचा विटांचा मनोरा दिसतो. मायकेलअँजेलोची संगमरवरी माता व बालकाची मूर्ती याच चर्चमध्ये आहे. ती एकदा फ्रेंचांनी, तर १९४४ मध्ये जर्मनांनी पळवून नेली होती. दोन्ही वेळा ती परत आली. दार बंद झाले होते. दर्शन दुसऱ्या दिवशी घेतले.

मुख्य चौकातील घंटाघर ८३ मीटर उंच असून त्यास ३६६ पायऱ्या व ४७ घंटा आहेत. मला मात्र घंटांहून तेथील खजिन्याच्या दालनाचे अप्रूप अधिक. नगराच्या सनदा तेथे लोखंडी जाळीमागे, अनेक कुलपांच्या पेटीत ठेवीत आणि किल्ल्या वेगवेगळ्या व्यक्तींकडे असत. तिजोरीच्या किल्ल्या दोघांनी सांभाळण्याचा आपल्या बँकांतील शिरस्ता मला नवा वाटेनासा झाला.

भोजनाबाबत एक सूचना. येथील प्रसिद्ध बटाट्याचे तळण पारंपरिक पद्धतीने गोवंशाच्या चरबीत होते आणि वॉफलमध्ये अंडे असते. कंदमुळाचा प्रश्न तर त्याहून आधीचा. आम्ही कालव्याकाठच्या बाकावर दशम्या व कोरडी चटणी खाल्ली. समोर हंस पोहत होते. सूर्यास्ताला अद्याप दोन तास होते.

त्यानंतर व्लामिंगस्ट्राट या रस्त्याकडे वळलो. येथे व्हॅन डेर ब्यूर्स घराण्याची खानावळवजा पेढी होती. तिच्यासमोर परदेशी व्यापारी हुंड्यांचे व्यवहार करीत. शेअर बाजारास 'बोर्स' हे नाव या घराण्यावरून पडले, असे मानतात. शेजारी जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची इमारत. तिच्यात काही वर्षांपूर्वी चक्क बटाट्याच्या तळणाचे संग्रहालय थाटण्यात आले! पुढे झ्विन ही समुद्राची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पकडे सरकला. आपले हिऱ्यांचे व्यापारी बांधव ज्या अँटवर्पमध्ये स्थिरावले, तेच हे नगर.

जवळच नाल्डेनस्ट्राटमध्ये ब्लाडेलिन वाडा आहे. फ्लॉरेन्सच्या मेदिची पेढीची ब्रुज शाखा या वाड्यात होती. बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या बंद दारासमोर थोडे थांबावेच. तोमासो पोर्तिनारी हा शाखाप्रमुख हुशार, रसिक आणि दरबारी वजनाचा. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स हा त्याचा मोठा कर्जदार. राजेरजवाड्यांना कर्ज देण्याविषयी मेदिचींच्या भागीदारी करारांत मर्यादा घातल्या जात. तथापि मोठ्या ग्राहकाला नकार देणे शाखेत बसलेल्या माणसास किती जड जाते, हे मी जाणतो. १४७७ मध्ये ड्यूक रणांगणावर मारला गेला. कर्जे बुडाली आणि १४८० च्या सुमारास लोरेन्झो दे मेदिचीने शाखेशी संबंध तोडला. पोर्तिनारीचा अंत १५०१ मध्ये फ्लॉरेन्समधील, त्याच्याच पूर्वजाने स्थापिलेल्या रुग्णालयात झाला.

हे सारे मी उत्साहाने सांगत होतो. सौ.ने शांतपणे विचारले, "आणि त्या शाखेतल्या कारकुनांचे हो? त्यांच्या घरच्यांचे?"

घंटाघरातून पाव तासाचा नाद आला. साडेनऊ होत आले होते. आम्ही पुलावरून मुक्कामाकडे निघालो. पाण्यात अजून उजेड होता.