फाइल नेमकी अडते कुठे?

दिवाळी अंकाची २५ एमबीची पीडीएफ घरच्याच प्रोग्रामरने लिहिलेल्या पीएचपी फॉर्ममधून संकेतस्थळावर चढवायला घेतली, की पांढऱ्या पानावर ठळक अक्षरं उमटतात : '४१३ रिक्वेस्ट एंटिटी टू लार्ज'. खाली बारीक अक्षरांत 'एंजिनएक्स'. बरेच जण इथेच होस्टिंगवाल्यांना फोन लावतात. पण फाइल कुणी अडवली, ते त्या बारीक अक्षरांनी सांगून टाकलेलं असतं.

ब्राउझरमधून निघालेल्या फाइलला दोन-तीन प्रोग्राम पार करावे लागतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीच घेतो. पीएचपी एका फाइलला २ एमबी देतं, अख्ख्या फॉर्मला ८ एमबी. यातला सगळ्यात लहान आकडा जिंकतो.

म्हणून आधी एंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' ३२ एमबी करायचं, चाचणीची कमांड चालवायची आणि सर्व्हर रीलोड करायचा. ४१३ जातो.

यानंतरचा प्रकार जास्त चकवणारा. एरर येतच नाही. फॉर्म कोराच परत येतो आणि टाइप केलेलं अंकाचं नावही गायब! पाठवलेला मजकूर 'पोस्ट_मॅक्स_साइझ'च्या, म्हणजे ८ एमबीच्या वर गेला की पीएचपी फाइलींची आणि फॉर्ममधल्या मजकुराची अशा दोन्ही याद्या रिकाम्या ठेवतं. प्रोग्रामला वाटतं, कुणी काही पाठवलंच नाही. लॉगमध्ये मात्र ८३८८६०८ बाइटची मर्यादा ओलांडल्याची नोंद सापडते. गंमत अशी की, हीच फाइल ५ एमबीची असती तर पीएचपीने निदान एरर क्रमांक १ तरी हातात ठेवला असता. हा क्रमांक 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ'चा. तो आकडा ३२ एमबी केला, तर 'पोस्ट_मॅक्स_साइझ' ४० ठेवलेलं बरं, कारण फाइलबरोबर बाकीचे रकानेही त्याच पोतडीतून जातात.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर बहुधा भलतीच 'पीएचपी.आयएनआय' बदललेली असते. कमांड लाइनची वेगळी, वेब सर्व्हरच्या पीएचपी-एफपीएमची वेगळी. संकेतस्थळ कुठली वाचतं, ते 'पीएचपीइन्फो'च्या पानावर लिहिलेलं असतं. ते पाहायचं, तीच फाइल बदलायची आणि एफपीएम रीस्टार्ट करायचं. पान बघून झालं की काढून टाकायचं. त्यातून सर्व्हरची बरीच माहिती बाहेर दिसते.

मग मर्यादाच उडवली तर? एंजिनएक्समध्ये ० लिहिलं की तपासणी बंद होते. पण येणाऱ्या मोठ्या फाइली आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठतात. कुणी मुद्दाम अवाढव्य फाइली पाठवत राहिलं, तर डिस्क भरून संकेतस्थळच बसतं. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये पूर्वी मुळात मर्यादाच नव्हती, २.४.५४ या आवृत्तीपासून तिथेही १ जीबीची आली. एंजिनएक्समध्ये हा आकडा 'लोकेशन'च्या कंसातही देता येतो : पीडीएफ चढवायच्या पत्त्यापुरते ३२ एमबी, बाकी संकेतस्थळाला पूर्वीचा १.